जुना तानपुरा घेताना

सांगली जिल्ह्यातलं मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांनी इथं तंतुवाद्यं बनवण्याचा व्यवसाय रुजवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

जुना तानपुरा घेताय? मग भोपळा उजेडात फिरवून चीर, कीड, डागडुजी शोधा. दांडी वाकलेली नाही ना, हे टोकाकडून नजर लावून पाहा. तारा जुळवून थोडं थांबा. सूर लगेच उतरला, तर खुंट्या घसरतात असं समजा. जवारी, म्हणजे तारांचा झंकार, बिघडली असली तरी हरकत नाही, कारागीर तारांखालची घोडी घासून ती पुन्हा काढतो. विक्रेता परदेशी असेल, तर चारही तारा छेडल्याचं ध्वनिमुद्रण मागवा. पाठवण्यापूर्वी तारा सैल करायला सांगा आणि सीमाशुल्काचा खर्च आधीच धरा.