वजनाचा हिशेब



या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पुण्यात बोलायचे म्हणून मी ‘अर्जुन’ रणगाडा हा विषय घेतला आहे. त्याची १२० मिलिमीटरची तोफ याच शहरात, पाषाणच्या एआरडीई प्रयोगशाळेत आखली गेली.

रणगाड्याने जबर मारा करावा, आतल्या जवानांना वाचवावे आणि वेगाने जागा बदलावी, या तिन्ही मागण्यांची किंमत वजनात चुकवावी लागते. १९७४ साली मंजूर झालेल्या या प्रकल्पातला पहिला अर्जुन साडेअठ्ठावन्न टनांचा झाला. पुढे जादा चिलखत, सुरुंग बाजूला सारणारा नांगर आणि अशा अनेक सुधारणा होऊन मार्क-१ए ६८ टनांवर गेला. इंजिन मात्र १४०० अश्वशक्तीचेच राहिले. दर टनामागे सुमारे २४ अश्वशक्ती मिळत होती, ती साडेवीसच्या आसपास आली. यातली प्रत्येक सुधारणा गरजेचीच होती. पण तिचा भार इंजिनाबरोबर पूल, रेल्वेच्या वाघिणी आणि पायाखालची माती यांनाही पेलावा लागतो. माती काय करू शकते हे १९६५ साली असल उत्तरच्या लढाईत दिसले. आपल्या सैन्याने पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले आणि आपल्या माऱ्यात सापडले.

तोफेतही अशीच ओढाताण असते. अर्जुनच्या नळीत पेचदार खाचा आहेत, त्यामुळे गोळा स्वतःभोवती फिरत जातो. बंकर फोडणाऱ्या ‘हेश’ गोळ्याला ही फिरकी हवी असते. चिलखत भेदणारा बाणासारखा गोळा मात्र शेपटीच्या पंखांनी स्थिर राहतो, त्याला फिरकी बाधते. म्हणून त्याला सरकते कडे बसवून ती कमी करावी लागते. एकाच नळीतून दोन्ही गोळे नेमके लागावेत, यासाठी आपल्या संशोधकांनी घेतलेल्या कष्टांचा मला अभिमान वाटतो.

वजन कमी करा, असे मी सरसकट म्हणणार नाही; काही वजन जवानांचा जीव वाचवण्यासाठीच असते. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पेटलेल्या सेंच्युरियन रणगाड्यातून लढत राहिले आणि २१ व्या वर्षी हुतात्मा झाले. अर्जुनच्या बुरुजातला दारूगोळा जवानांपासून वेगळ्या कप्प्यात असतो; स्फोट झालाच, तर कप्प्याची झडप उडून आग बाहेर जावी अशी रचना आहे. त्या कप्प्यावर खर्ची पडलेला एक किलोही मला जास्त वाटत नाही.

मग वजन वाचवायचे कुठे? माझे उत्तर आहे, इंजिन आणि गिअरपेटीत. अर्जुनसाठी देशी इंजिनाचे प्रयत्न झाले, पण ते तडीस गेले नाहीत आणि जर्मनीच्या एमटीयूचे इंजिन घ्यावे लागले. १५०० अश्वशक्तीच्या देशी इंजिनाची पहिली चाचणी म्हैसूरला झाली ती मार्च २०२४ मध्ये. कमी जागेत जास्त ताकद देणारे इंजिन हाती असले, तर त्याला सामावणारा सांगाडा आखूड होतो, झाकायचा भाग घटतो आणि चिलखताचे टन वाचतात. म्हणून पुढच्या रणगाड्याची आखणी इंजिनापासून सुरू व्हावी, आणि तोफ, चिलखत व इंजिन घडवणाऱ्यांनी वजनाची एकच वही पहिल्या दिवसापासून मिळून लिहावी. रणगाडा चालवणाऱ्या रेजिमेंटलाही त्या वहीत लिहिण्याचा हक्क असावा.

पुणे-चिंचवडच्या कारखान्यांना इंजिने आणि क्रँकशाफ्ट घडवण्याचा दीर्घ अनुभव आहे. माझी या परिषदेला विनंती आहे: टर्बोचार्जर, इंधनाचे इंजेक्टर, उष्णता सोसणारे मिश्रधातू, सील यांपैकी एकेक विषय प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने एखाद्या कारखान्याच्या जोडीने किमान दहा वर्षांसाठी हाती घ्यावा. तसा ठराव आजच व्हावा आणि पुढच्या अधिवेशनात त्याचा जाब अध्यक्षांना विचारला जावा.