खिरापतीचा तक्ता आणि मंद आचेवरचे चॉकलेट

(मंडळाच्या महिला विभागातर्फे उत्सवापूर्वीच्या सभेत सादर केलेल्या प्रात्यक्षिकासह भाषणाचा मजकूर)



आज महिला विभागाने तुम्हांला चॉकलेट करून दाखवायचे, असे ठरले तेव्हा काही भुवया उंचावल्या. गणपतीच्या सभेत चॉकलेट कशाला, असे कोणी तोंडावर म्हणाले नाही, पण आम्हांला ऐकू आले. म्हणून कृतीच्या आधी थोडे कारण सांगतो. टेबलावरचे भांडे आम्ही आत्ताच चालू केले आहे. त्याला तासभर लागेल, तोवर बोलायला वेळ आहे.

आपल्या मंडळाच्या फळ्यावर दरवर्षी खिरापतीचा तक्ता लागतो. दहा दिवस, रोज संध्याकाळच्या आरतीनंतर एका घराची खिरापत. बडोद्यात आपल्या घरांच्या कितीतरी पिढ्या झाल्या, वाडे गेले, पोळांतली घरे विकून माणसे लांब राहायला गेली, पण हा तक्ता टिकला. कोणाकडून पंचखाद्य यायचे, कोणाकडून खोबऱ्याच्या वड्या, कोणाकडून साटोऱ्या. तीन वर्षांपूर्वी मात्र त्या तक्त्यात चार चौकोन रिकामे राहिले. चार दिवस आपण दुकानातून पेढे आणले. पेढे चांगलेच होते. पण आरतीनंतर ‘आज कोणाची खिरापत?’ असे मुलांनी विचारले आणि आम्हांला उत्तर देता आले नाही.

रिकाम्या चौकोनांपैकी एक अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवसाचा होता. तो दिवस आमच्या थोरल्या काकूंचा. तीसहून अधिक वर्षे त्या दिवशी शेंगदाण्याची चिक्की त्यांच्याच हातची. गुळाचा पाक वाटीतल्या पाण्यात टाकून तो कडक झाला की नाही, हे त्या आवाजावरून सांगत. त्या वर्षी पाक ओतताना कढई कलंडली आणि मनगट भाजले. उकळत्या पाण्यापेक्षा पाक पुष्कळ जास्त तापलेला असतो, शिवाय तो कातडीला चिकटून बसतो. जखम भरायला दीड महिना लागला. घरच्यांनी चिक्की बंद केली, ते योग्यच होते. पण त्यानंतर काकूंनी आरतीला येणेही बंद केले. आम्ही बोलवायला गेलो तर म्हणाल्या, “रिकाम्या हाताने कशी येऊ गं?”

आजचे भाषण खरे तर त्या एका प्रश्नावर आहे.

आमच्यातल्या एकीची मुलगी अमेरिकेत असते. तिकडे नाताळच्या सुमारास घरोघरी शेंगदाणे आणि चॉकलेट स्लो कुकरमध्ये घालून कँडी करतात आणि शेजारीपाजारी वाटतात. तिने ती कृती सांगितली आणि सुट्टीवर येताना एक स्लो कुकरही घेऊन आली. इथे आमची पहिली फजिती झाली, ती सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. ते भांडे तिकडच्या १२० व्होल्टचे, आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. पिन बदलणारा अडॅप्टर लावला म्हणजे झाले, असे आम्हांला वाटले. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, दाब बदलत नाही. दाब दुपटीच्या जवळ गेला की असल्या तापणाऱ्या भांड्यात उष्णता साडेतीन पटीहून जास्त होते. दहा मिनिटांत वास, धूर आणि फ्यूज उडालेला. बाहेरून आलेल्या कोणत्याही उपकरणाच्या तळाशी व्होल्ट लिहिलेले असतात, ते आधी वाचा. आज टेबलावर आहे तो आपल्याकडच्या विजेवर चालणारा, वर्गणी काढून घेतलेला.

आता हे भांडे काय आहे? पहिल्या दिवशी एका काकांनी विचारले, “शिट्ट्या किती?” शिट्टी नाही. हा प्रेशर कुकरच्या अगदी उलट आहे. जाड चिनी मातीचे आतले भांडे आणि त्याच्याभोवती मंद तापणारी तार. ज्यांनी चूल पाहिली आहे त्यांना एका शब्दात सांगता येईल: हा विजेवरचा वैल. चुलीवर भाकरी आणि शेजारच्या वैलावर दूध, आमटी, जे सावकाश व्हायचे ते. अमेरिकेत हे भांडे आले तेही अशाच आठवणीतून. अर्विंग नॅक्सन नावाच्या संशोधकाला त्याच्या आईने लिथुआनियातल्या आपल्या लहानपणची गोष्ट सांगितली होती. ज्यूंच्या शब्बाथला चूल पेटवायची नसते, म्हणून आदल्या संध्याकाळी घरोघरची कालवणाची भांडी गावच्या बेकरीच्या भट्टीत ठेवत आणि विझत्या भट्टीच्या उबेवर ती रात्रभर शिजत. त्यावरून त्याने केलेल्या भांड्याला १९४० साली पेटंट मिळाले. पुढे १९७१ साली एका कंपनीने ते ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले आणि मग ते घरोघरी गेले. म्हणजे सण सांभाळण्यासाठी केलेली एका आईच्या गावची युक्तीच ही. आपल्याला ती परकी वाटू नये.

आता कृती. कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

शेंगदाणे ५०० ग्रॅम. तिकडे खारवलेले दाणे वापरतात. आपल्याला त्यासाठी लांब जायला नको, भरूचची खारी शिंग दाराशी आहे. आम्ही २५० ग्रॅम खारी आणि २५० ग्रॅम मोळी भाजलेली अशी अर्धी-अर्धी घेतो. नुसती खारी घेतली तर मीठ पुढे येते. साले काढून पाखडून घ्या. भाद्रपदातली हवा दमट असते, म्हणून दाणे पुन्हा पाच मिनिटे कढईत कोरडे परतून पूर्ण गार करा. मऊ पडलेला दाणा चॉकलेटात गेला की कुरकुरीत होत नाही.

चॉकलेट दोन प्रकारचे: डार्क कंपाउंड ५०० ग्रॅम आणि मिल्क कंपाउंड २५० ग्रॅम. केकचे सामान मिळते त्या दुकानात लाद्या मिळतात. घेताना हिरवा ठिपका पाहून घ्या. कंपाउंड का? अस्सल चॉकलेटात कोकोचे लोणी असते. ते साधारण ३४ अंशांना वितळते आणि नीट, चकचकीत गोठवायला तापमान मोजून खालीवर करावे लागते. कंपाउंडमध्ये दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध असते, त्याला ही कसरत लागत नाही. चवीत फरक आहे, तो आम्ही लपवत नाही. पण दीडशे माणसांच्या खिरापतीला हे सोयीचे.

भांडे आतून कोरडे हवे. कोरडे म्हणजे पुसून पुन्हा पुसलेले. तळाशी सगळे दाणे पसरायचे, त्यावर लाद्यांचे बोराएवढे तुकडे. क्रम उलटा करू नका. उष्णता खालून आणि कडेने येते, दाणे मध्ये असले की ती चॉकलेटला थेट लागत नाही. मग खटका ‘लो’वर. झाकणाखाली एक स्वच्छ सुती पंचा ताणून लावायचा आणि त्याची टोके वर झाकणावर बांधायची. झाकणाला वाफ धरली तर थेंब पंचात जिरतो, चॉकलेटात पडत नाही. हा पंचा विसरू नका. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचा एक थेंब पडला तरी ते आळून त्याच्या गुठळ्या होतात. तसे झालेच तर टाकू नका. गरम दूध घालून घोटा, मुलांना दुधात घालायला होईल. खिरापतीला मात्र ते गेले.

पहिला अर्धा तास झाकण उघडायचे नाही. पुढे दर १५ मिनिटांनी कोरड्या स्टीलच्या डावाने एकदा खालीवर करायचे. लाकडी डाव नको, त्यात ओल असते. तासाभरात बहुतेक चॉकलेट वितळते. थोडे खडे दिसत असतानाच खटका बंद करा, उरलेले भांड्याच्या उबेवर वितळते. तिकडच्या कृतीत दोन-तीन तास ठेवतात, पण त्यांचा घाणा आपल्या दुपटीचा असतो. एवढ्याशा मालाला तितका वेळ दिला तर चॉकलेट करपते. आमचा दुसरा घाणा असाच गेला.

मग बटर पेपरवर चहाच्या चमच्याने एकेक ढीग. एका घाण्यात साधारण ८० नग होतात. ताटे १५ मिनिटे फ्रिजमध्ये ठेवायची आणि फ्रिजमधून काढताच नग घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे. डबा अर्धा तास उघडायचा नाही, नाहीतर गार चॉकलेटला बाहेरच्या हवेचा घाम सुटतो आणि वरून चिकट होते. ज्यांच्याकडे हे भांडे नाही त्यांनी पातेल्यात पाणी गरम करून गॅस बंद करावा, वर दुसरे कोरडे पातेले ठेवून त्यात चॉकलेट वितळवावे आणि शेवटी दाणे घालावेत. चव तीच येते. फक्त तिथून हलता येत नाही.

दोन सूचना. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नका, श्वासनलिकेत अडकू शकतो. आणि कोणाला शेंगदाणा चालत नसेल तर आम्हांला आधी सांगा. त्यांच्यासाठी साखरफुटाण्यांचा डबा वेगळा असतो, त्याला चॉकलेटचा हात लागत नाही.

आता त्या उंचावलेल्या भुवयांविषयी. पहिल्या वर्षी यावर कार्यकारिणीत बराच वाद झाला. एका ज्येष्ठांचे म्हणणे होते की आज खिरापतीत चॉकलेट आले, उद्या नैवेद्याच्या ताटात येईल. त्यांची भीती खोटी नव्हती. दुकानांत चॉकलेटचे मोदक मांडलेले आपण पाहतोच. तेव्हा आम्ही एक ठरवले आणि ते आजवर पाळले आहे: नैवेद्याला उकडीचे मोदकच. चॉकलेट मोदकाच्या साच्यात घालायचे नाही. खिरापत मात्र घराची असते, ज्याच्या हाताला जे जमते ते त्याने करावे. ते ज्येष्ठ आज समोर बसले आहेत. त्यांना चॉकलेट आवडत नाही, पण मागच्या वर्षी दाण्यांची साले त्यांनीच पाखडून दिली.

आणि थोरल्या काकू? आम्ही भांडे घेऊन त्यांच्या घरी गेलो. आधी त्यांनी तोंड फिरवले. मग खुर्चीत बसल्या बसल्या विचारले, “याचा पाक कसा ओळखायचा?” आम्ही म्हटले, पाक नाहीच. बसायचे आणि वाट पाहायची. त्या तासाभरात त्यांच्याभोवती सोसायटीतली सहा-सात मुले जमली. एक मुलगा झाकणातून पाहत ओरडला, “आजी, ओगळलं!” शाळेत आणि खेळात दिवसभर गुजराती, त्याच्या तोंडी दुसरा शब्द येणार कुठून? काकू रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “अरे, साखर पाण्यात विरघळते. चॉकलेट आचेवर वितळते. आणि तुझ्या मुठीत आत्ता जे होतंय ना, ते पाघळतंय.” मुलांनी ते तिन्ही शब्द दिवसभर घोळवले. कोणाच्याही शिकवणीला दोन तास खर्च केले असते तरी हे साधले नसते. चिक्कीच्या वेळी आम्ही मुलांना स्वयंपाकघरातून हाकलत असू, कारण पाकाशी खेळ नको. इथे मात्र मुले म्हाताऱ्या माणसांजवळ बसू शकतात.

त्या वर्षी काकू डबा घेऊन स्वतः आरतीला आल्या. “कोणाची खिरापत?” असे विचारल्यावर मुलांनीच त्यांचे नाव घेतले.

यंदा काकूंना सभागृहाचा जिना चढवत नाही. म्हणून भांडे त्यांच्याकडे जाईल आणि मुलेही. डबा आरतीला येईल. चिक्कीची जागा हे चॉकलेट घेऊ शकत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. काकूंसारखी चिक्की आमच्यापैकी कोणालाच साधलेली नाही. ज्यांना शिकायची आहे त्यांनी त्यांच्याकडे जाऊन बसावे. त्या सांगायला तयार आहेत, कढई दुसऱ्याने धरावी एवढेच. हे लवकर करावे, असे आमचे मागणे आहे.

तक्ता दाराशी लावला आहे. आज सकाळी त्यात तीन चौकोन रिकामे होते. पदार्थ कोणताही चालेल, अगदी नुसते खोबरे-साखरसुद्धा. पण घरचा असू द्या आणि नाव तुमचे लिहा. भांडे हवे असेल तर मागा, पंचासकट मिळेल.

तास झाला. आता झाकण उघडतो. मुलांनो, पुढे या, आणि काय झाले आहे ते मराठीत सांगा.

गणपती बाप्पा मोरया!