घरात माणूस आहे का?

(स्त्री-गटांच्या वार्षिक मेळाव्यात 'आपली कामं, आपले हात' या सत्रात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

भिंतीवर टीव्ही कसा बसवायचा हा माझा विषय आहे, असं सूत्रसंचालक ताईंनी सांगितलं तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं, ते मी पाहिलं. बरोबरच आहे. पोटगी, मारहाण, रेशन, मजुरी असे विषय असताना टीव्ही कुठून आला? मलाही असंच वाटलं असतं. म्हणून आधी हकीकत सांगते.

गेल्या वर्षी मी एक टीव्ही घेतला. ३२ इंची, साधाच. दोन दिवसांनी तो बसवून देणाऱ्या मुलाचा फोन आला. त्यानं पहिलं काय विचारावं? "घरात माणूस आहे का?" मी म्हटलं, "आहे ना, मी आहे." तो म्हणाला, "तसं नव्हे मॅडम, माणूस. भोक कुठं पाडायचं ते सांगायला."

मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. नवऱ्याचं घर सोडल्यावर मुलीला एकटीनं वाढवलं. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढीच जागा आहे, पण तिचे हप्ते मीच फेडले. कागद माझ्या नावाचा. तरी त्या घरात माणूस नव्हता.

त्या मुलाला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण खरं सांगते, फोन ठेवल्यावर मी भावाला फोन लावला. तो रविवारी येतो म्हणाला. तीन रविवार गेले. टीव्हीचं खोकं कॉटखाली, आणि मी रोज त्याच्यापुढून केर काढते आहे. त्या मुलाच्या मनात जे होतं ते माझ्याही मनात होतं, एवढाच याचा अर्थ.

आपल्या भाषेची गंमत पाहा. माणूस म्हणजे मनुष्य, असं आपण शाळेत शिकतो. पण 'घरात माणूस नाही' म्हटलं की तिथं तीन बायका बसलेल्या असल्या तरी चालतं. आपल्यासाठी शब्द वेगळा आहे, 'बाईमाणूस'. आणि तो बहुतेक वेळा 'बाईमाणसाला कसं जमणार' असाच येतो.

शेवटी गटाच्या बैठकीत मी हे बोलले. आमच्या गटात एक मावशी आहेत. वीस वर्षं त्यांनी बांधकामावर बिगारी म्हणून काम केलं. विटा वाहिल्या, घमेली उचलली, भिंतींवर पाणी मारलं. त्या म्हणाल्या, "त्यात काय? मी येते." ड्रिल मशीन आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून एका दिवसाच्या भाड्यानं आणलं. दुकानदारानंही विचारलंच, "कोण चालवणार?"

आता काम कसं झालं ते नीट सांगते, कारण घरी जाऊन तुम्ही ते करावं अशी माझी इच्छा आहे.

पहिली गोष्ट भिंत. मावशींनी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत नेली. इथं वीट, इथं खांब, असं त्या आवाजावरून सांगत होत्या. वीस वर्षं भिंती उभ्या राहताना पाहिलेली बाई ती. पण तिच्या हातात कुणी थापी दिली नाही की ओळंबा. बिगारी म्हणून आली, बिगारी म्हणूनच उतरली. तिच्या डोळ्यांदेखत आलेली पोरं गवंडी झाली.

विटेच्या भिंतीत भोक सहज पडतं. सिमेंट काँक्रीटच्या खांबात किंवा तुळईत साधं मशीन दमतं, तिथं हट्ट करू नये, जागा थोडी सरकवावी. नव्या इमारतींत पांढऱ्या, हलक्या ठोकळ्यांच्या भिंती असतात, त्यांना वेगळे प्लग लागतात. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती आणि पोकळ पार्टिशन यांवर टीव्ही टांगूच नका, टेबलावर ठेवा. भोक पाडताना पडणारी पूडही सांगते: लाल पूड म्हणजे वीट, राखाडी म्हणजे सिमेंट किंवा राखेची वीट, पांढरी हलकी म्हणजे ठोकळा.

दुसरी गोष्ट वीज. भिंतीतल्या तारा बहुतेक वेळा बटणांच्या बोर्डापासून सरळ वर किंवा खाली जातात. म्हणून बोर्डाच्या सरळ रेषेत भोक पाडायचं नाही. भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल तर पाण्याचा पाइप कुठून गेला आहे तेही पाहायचं. मशीन दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर लावता येत असेल, आणि त्याचा फ्यूज वेगळा असेल, तर या खोलीची वीज बंद करूनच काम करा.

तिसरी गोष्ट उंची. यावर आमचा बराच वाद झाला. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावा, असा साधा नियम. पण बसलेलं माणूस कोण? खुर्चीवर बसणाऱ्याचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात. खाली बसून भाजी निवडणाऱ्या बाईचे सव्वादोन-अडीच फुटांवर. बहुतेक घरांत टीव्ही सोफ्याच्या हिशेबानं लागतो आणि बाई मान वर करून बघते, तेही मधूनमधून. माझ्या घरात मी खालीच बसते. म्हणून टीव्ही खाली आला. आलेले पाहुणे म्हणतात, "फार खाली लावलाय हो." मी म्हणते, "तुम्हीही खाली बसा."

आता भोकं. टीव्हीच्या पाठीवर चार भोकं असतात. त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात, १०० बाय १००, २०० बाय १००, २०० बाय २०० असं. त्याच मापाचा आणि टीव्हीचं वजन पेलणारा स्टँड घ्यायचा. स्टँड भिंतीला धरून वर पाणसळ ठेवायची. पाणसळ नसेल तर गवंडी करतात तसं, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवायची. ती जुळली की पेन्सिलनं खुणा.

इथं माझी चूक झाली. मी बिट सरळ गिलाव्यावर टेकवलं आणि बटण दाबलं. ते घसरलं आणि भोक अर्धा सेंटीमीटर बाजूला गेलं. मी रडवेली झाले. मावशी हसल्या. म्हणाल्या, "गवंड्याचंही जातं. तो बोलत नाही, वरून लिंपतो." आधी खिळ्यानं खुणेवर छोटा खड्डा करायचा, मग बिट घसरत नाही. स्टँडची भोकं लांबट असतात, त्यामुळे माझी चूक त्यात सामावली.

आम्ही ८ मिलिमीटरचे प्लग वापरले, म्हणून बिटही ८ चं, भिंतीचं. लाकडाचं बिट भिंतीत चालत नाही. गिलावा पकड देत नाही, पकड विटेत हवी. म्हणून भोक सहा सेंटीमीटर खोल घेतलं. बिटावर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही. मशीनवर हातोडीचं चित्र असतं, बटण त्या बाजूला करायचं. दोन्ही हातांनी धरायचं, रेटायचं नाही. भोकातली पूड काढून टाकायची, प्लग हातोडीनं हळू ठोकून भिंतीच्या सपाटीला आणायचा, मग वायसर आणि स्क्रू. स्टँड बसल्यावर त्याला हातांनी जोर लावून ओढून पाहायचं. जरा जरी हलला, तर टीव्ही अडकवायचा नाही.

पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा, बांगड्या मागे सारा. डोळ्यांवर चष्मा हवा. हातमोजे मात्र नकोत, फिरत्या बिटात अडकतात.

टीव्ही अडकवताना दोघी हव्यात, जड म्हणून नव्हे, काच म्हणून. ३२ इंची टीव्ही पाच-सहा किलोचा. डोक्यावर पंधरा लिटरचा हंडा घेऊन डोंगर चढणाऱ्या बायका आपल्यात बसल्या आहेत. ताकदीचा प्रश्न कधी नव्हताच.

सगळं मिळून दोन तास लागले. त्या दोन तासांसाठी मी तीन आठवडे थांबले होते, आणि त्याआधी पन्नास वर्षं.

पण एवढ्यावर थांबले तर ही फुशारकी होईल. टीव्ही लागल्यावर आमच्या गटातली एक जण घर पाहायला आली. ती भावाकडे राहते. भिंतीकडे बघत म्हणाली, "ताई, मशीन मलाही चालवता येईल. पण मी एक खिळा ठोकला होता, आईच्या फोटोसाठी. भावानं उपटायला लावला. म्हणाला, भिंत माझी आहे."

मैत्रिणींनो, इथं मशीनचं काम संपतं. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये बदल करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तरी माहेर तुटू नये म्हणून हक्कसोड पत्रावर सही करणाऱ्या किती जणी इथं आहेत, हात वर करायला सांगत नाही. २००५ च्याच कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानं बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, घर तिच्या नावावर नसलं तरी. हा हक्क आपण लढून मिळवला, तो मोठाच आहे. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. राहणारीला खिळ्यासाठी विचारावं लागतं.

त्या मैत्रिणीनं अजून सही केलेली नाही. भाऊ कागद घेऊन दोनदा आला. गट तिच्यासोबत आहे. पुढं काय होईल ते मी आज सांगू शकत नाही.

म्हणून प्रत्येक गटानं दोन कामं करावीत अशी माझी सूचना आहे. एक, गटाच्या पैशातून एक ड्रिल मशीन घ्यावं, दोन-अडीच हजारांत येतं, आणि महिन्यातला एक दिवस शिकण्यासाठी ठेवावा. शिकवायला बाहेरून कुणाला बोलावण्याआधी आपल्यातल्या बिगारी बायकांना विचारावं. दोन, प्रत्येकीनं आपल्या घराचा कागद पाहावा. गावात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात मिळकत पत्रिका, सोसायटीत भाग दाखला. त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचावं आणि पुढच्या बैठकीत मोठ्यानं सांगावं. रिकामा हात आणि रिकामा रकाना, दोन्ही एकदम दिसले पाहिजेत.

परवा शेजारच्या वहिनी आल्या होत्या. त्यांना पडद्याची दांडी बसवायची आहे. दारातूनच विचारलं, "घरात माणूस आहे का?" मग स्वतःच जीभ चावली.

मी म्हटलं, "आहे. मशीन घेऊन येते."