मास्तर आणि पुतळा : ‘पिंजरा’ पुन्हा पाहताना

(सर्वण, डिचोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी ‘पिंजरा’विषयी बोलणार आहे. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट १९७२ साली आला. त्याचे मूळ दूरचे आहे. हाइनरिश मान यांच्या १९०५ मधील जर्मन कादंबरीवरून, हॉलिवूडमध्ये नावारूपाला आलेल्या जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी १९३० साली ‘द ब्लू एंजल’ केला. विद्यार्थ्यांना पकडायला नाचगाण्याच्या अड्ड्यावर गेलेला करडा प्राध्यापक तिथल्या गायिकेच्या नादी लागतो, विदूषक होतो आणि शेवटी आपल्या जुन्या वर्गातले मेज घट्ट धरून प्राण सोडतो. मराठीत या प्राध्यापकाचा खेड्यातला गुरुजी झाला आणि गायिकेची तमाशातली चंद्रकला.

एवढ्यावर थांबले असते तर ती नक्कल ठरली असती. मराठी कथा पुढे जाते. गावात एक प्रेत सापडते. चेहरा ओळखू येत नाही आणि ते गुरुजींचे ठरते. गाव त्यांचा पुतळा उभारतो. गुरुजी मात्र फडाबरोबर हिंडत असतात. अखेर त्यांच्यावरच गुरुजींच्या खुनाचा आरोप येतो आणि ते फाशी पत्करतात. स्वतःच्या खुनाबद्दल स्वतःलाच शिक्षा! जर्मन प्राध्यापकाची शोकांतिका त्याच्या एकट्याची होती; इथे ती साऱ्या गावाची होते. चित्रपटाचे पहिले बळ ते हे. दुसरे बळ डॉ. श्रीराम लागू. ताठ मान, मोजके बोलणे आणि मग हळूहळू वाकत गेलेले शरीर. तिसरे बळ जगदीश खेबुडकरांचे शब्द आणि राम कदमांचे संगीत.

आता उणिवा. तमाशा म्हणजे गावाला बिघडवणारी गोष्ट, हे चित्रपट आधीच धरून चालतो. चंद्रकलेचे पोट त्या कलेवर आहे, गावातून हाकलल्यावर ती जाणार कुठे, हा प्रश्न त्याला फारसा सतावत नाही. गंमत अशी की आजही लोकांच्या ओठी त्यातल्या लावण्याच आहेत; गुरुजींचा उपदेश कुणाला आठवत नाही.

आपण गोमंतकीयांनी तरी हा प्रश्न सोडून देऊ नये. ज्या कलावंत घराण्यांना आपल्या समाजाने देवळाच्या मंडपात गायला लावले आणि घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच घराण्यांनी केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई दिल्या. केसरबाईंना १९६९ साली पद्मभूषण मिळाले, म्हणजे ‘पिंजरा’ येण्याच्या तीन वर्षे आधी. आज आपण त्यांची नावे अभिमानाने घेतो. मग चंद्रकलेला नुसती ‘मोह’ म्हणून कसे चालेल?

दुसरी उणीव मला शिक्षक म्हणून अधिक टोचते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दशावतारी काला पाहायला गेलो. लोकांनी आदराने पुढची खुर्ची दिली. संकासुराने चावट कोटी केली, मांड हसून लोळला आणि बरेच डोळे माझ्याकडे वळले : मास्तर हसतात काय? मी हसलो नाही. घरी येईपर्यंत त्या न हसण्याचे वाईट वाटत राहिले. पिंजरा कुठे असतो ते मला त्या रात्री कळले. तो फडावर नव्हता, पुढच्या खुर्चीत होता.

‘पिंजरा’ प्रश्न अगदी नेमका विचारतो : गुरुजी माणूस आहेत हे कळल्यावर त्यांनी शिकवलेले चांगले टिकेल का? उत्तर देताना मात्र तो भितो. पुतळा वाचावा म्हणून माणूस फासावर देतो आणि त्याला त्याग म्हणतो. मला वाटते, गावाला खरे सांगितले असते तर गाव आधी चिडले असते, मग सावरले असते. निदान तशी संधी तरी त्याला द्यायला हवी होती.

विद्यार्थी मित्रहो, हा चित्रपट जरूर पाहा. लावण्यांना दाद द्या, लागूंचे मौन ऐका. आणि शेवटी तो पुतळा दिसला, की आपल्या वर्गात उद्या सकाळी येणाऱ्या शिक्षकाकडे थोडे मायेने पाहा. तो चुकेल. चुकला तर तसे त्याला सांगा.