किनाऱ्यावरचे मूल आणि व्यंगचित्रकाराचा कुंचला



आम्हाला निर्वासितांविषयी बोलायला सांगितले आहे. आम्ही बोलणार आहोत तीन व्यंगचित्रांविषयी. ती पाहून जगभर पुष्कळ लोक संतापले. तो संताप नेमका कशाचा होता, हे तपासून पाहावे असे आम्हाला वाटते.

२ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानात बोद्रुमजवळच्या किनाऱ्यावर आलान कुर्दी या चिमुकल्या मुलाचे प्रेत लाटांबरोबर आले. अंगात लाल सदरा, पायांत बूट, वाळूत पालथे. कुटुंब सीरियातील कोबानीचे, कुर्द. ग्रीसच्या कोस बेटाकडे निघालेली बोट उलटली. आई आणि भाऊही गेले. वडील तेवढे वाचले. निलुफर देमिर या महिला छायाचित्रकाराने टिपलेला तो फोटो जगभर छापला गेला. त्या एका वर्षात दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रमार्गे युरोपात पोहोचली आणि साडेतीन हजारांहून अधिक भूमध्य समुद्रात बुडाली वा बेपत्ता झाली. आमचा जन्म बँकेत आकडेमोड करण्यात चालला आहे. आकडा वाचून कुणी रडल्याचे आम्ही पाहिलेले नाही, कर्जाच्या थकबाकीचा आकडा सोडला तर! फोटो पाहून मात्र लोक रडले.

त्याच महिन्यात पॅरिसच्या ‘शार्ली हेब्दो’ साप्ताहिकात रिस या व्यंगचित्रकाराची चित्रे आली. जानेवारी २०१५ मध्ये या साप्ताहिकावरील हल्ल्यात १२ माणसे मारली गेली होती. रिस स्वतः जखमी झाले होते. त्यांच्या एका चित्रात तेच पालथे मूल आहे आणि मागे खाद्यपदार्थांच्या जाहिरातीचा फलक. त्यावरचा विदूषक सांगतो आहे की मुलांच्या दोन थाळ्या एकीच्या किमतीत मिळतील. मथळ्याचा भाव असा, की बिचारा अगदी जवळ येऊन पोहोचला होता. दुसऱ्या चित्रात येशूसारखा पुरुष पाण्यावर उभा आहे, शेजारी पाण्यातून मुलाचे पाय वर आलेले. ख्रिस्ती पाण्यावर चालतात, मुसलमानांची मुले बुडतात, हा युरोप ख्रिस्ती असल्याचा पुरावा, असा त्याचा आशय.

मेलेल्या लेकराची थट्टा केली, असा गहजब झाला. आम्हाला तसे वाटत नाही. मूल पडले तरी फलक उभाच आहे, दुकान चालूच आहे. टोला गिऱ्हाइकाला आहे. दुसऱ्या चित्राचेही तेच. त्याच दिवसांत हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान, येणारे बहुतेक मुसलमान आहेत आणि युरोपची मुळे ख्रिस्ती आहेत, असे जाहीरपणे लिहीत होते. ते चित्र म्हणजे या युक्तिवादाला धरलेला आरसा. चित्रावर जेवढ्या तातडीने लोक तुटून पडले, तेवढ्या तातडीने बोटी वाचवायला कोण धावले? मार्च २०१६ मध्ये तर ग्रीक बेटांवर येणाऱ्यांना तुर्कस्तानात परत धाडण्याचा करारच झाला.

तिसऱ्या चित्राचे समर्थन मात्र आमच्याने होत नाही. २०१५ च्या अखेरच्या रात्री कोलोन शहरात स्त्रियांवर अत्याचार झाले, संशय निर्वासितांवर आला. जानेवारी २०१६ मध्ये रिस यांनी विचारले, हा आलान मोठा होऊन काय झाला असता? आणि बायकांमागे धावणारा माणूस काढला. लोकांचे मन चार महिन्यांत कसे पालटले, त्यावरचा हा उपरोध आहे, असे काही जाणकार म्हणतात. असेलही. पण या खेपेस घाव प्रेक्षकाच्या पाठीवर न पडता मुलाच्याच पाठीवर पडला. त्याच्या नातेवाइकांना ते लागले, यात नवल नाही.

व्यंगचित्राचा घाव कसा असतो हे आपल्याला ठाऊक आहे. २०१२ साली शालेय पुस्तकातल्या शंकर यांच्या १९४९ च्या चित्रावरून संसदेपर्यंत वादळ उठले. गोगलगायीवर बाबासाहेब, मागे चाबूक उगारलेले नेहरू. संविधानाच्या संथ गतीवरची ती टीका होती, असे सांगितले गेले. पण ज्यांच्या पिढ्यांनी खरा चाबूक सोसला, त्यांना त्या चित्रात आधी चाबूकच दिसणार. आपल्या विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजू वाचाव्यात. पुण्यात त्या वेळी एका प्राध्यापकांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, ती आम्हाला मुळीच पसंत नव्हती.

रिस यांना उत्तर म्हणून जॉर्डनच्या राणी रानिया यांनी ओसामा हज्जाज यांचे चित्र प्रसिद्ध केले. त्यात आलान मोठा होऊन डॉक्टर झाला आहे. भावना चांगलीच आहे. तरी आमच्या मनात आले, तो मोठा होऊन बंदरावर हमाल झाला असता, तर?