पडायला शिकताना
(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमातील भाषण)



दिवसभर संगणकासमोर बसणारी आम्ही रियाधमधली काही सॉफ्टवेअरवाली मंडळी सध्या जवळच्या क्लबमध्ये जुजुत्सू शिकतो आहोत. वय तिशीपार, पोट थोडं पुढे! ‘जू’ म्हणजे मऊ, नमतं घेणारं. समोरच्याचा जोर अडवायचा नाही, त्याच जोराने त्याला खाली आणायचं. पण सुरुवातीचा धडा एकच, पडायचं कसं? हनुवटी छातीशी, हाताची थाप मॅटवर, डोकं सांभाळायचं. पकडीत अडकलो की दोनदा थोपटायचं, जोडीदार लगेच सोडतो. या विश्वासावरच सगळं चालतं.

आपल्याला हे परकं नाही. इथे अरबीत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. तोच शब्द कोल्हापुरात कुस्तीची तालीम झाला. जुजुत्सूतूनच जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदो घडवला. आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांना हरवून सुवर्णपदक नेणारा जपानचा इशी मूळचा ज्युदोवालाच!

खाशाबांनी कांस्यपदक आणलं, पण ते तिथवर पोचले कसे? गावाने वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

मंडळी, आजचा निधी गावाकडच्या मुलांच्या खेळासाठी आहे. आपल्यापैकी कुणाला घर गहाण टाकायचं नाही. थोडे रियाल पुरेत. तिथल्या एखाद्या तालमीत चांगली मॅट आली, तर पोरं न घाबरता पडायला शिकतील. आणि पडायला शिकलेलं पोर उठतंच, हे आम्ही आता अनुभवाने सांगतो.