विवरातील रेषा आणि प्राचीन समुद्र
(वार्षिक संमेलनातील भाषण)



तेलाच्या शोधासाठी खणलेल्या खोल विवरात उपकरण सोडून खडकांचे गुणधर्म रेषांनी टिपतात. असा पहिला विद्युत् आलेख ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे श्लुंबर्जे बंधूंच्या सहकाऱ्यांनी घेतला.

आज गॅमा किरणांचीही रेषा काढतात. चिकणमातीच्या खडकात पोटॅशियम व थोरियम अधिक, म्हणून रेषा उजवीकडे सरकते. स्वच्छ वाळू अगर चुनखडक लागताच डावीकडे. वाळूच्या थरात वर जाताना ती हळूहळू उजवीकडे झुकली, तर कण बारीक होत गेले. असा थर बहुधा नदीपात्रातील. उलट झुकली, तर समुद्रात पुढे सरकणारा त्रिभुज प्रदेश संभवतो.

'बहुधा' हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे. फेल्डस्पारयुक्त वाळू या रेषेत चिकणमातीसारखी भासते. खोल समुद्रातील वाळूही कधी नदीपात्राचीच आकृती दाखविते. नुसत्या हस्ताक्षरावरून विद्यार्थ्याची बुद्धी ठरवावी, तसाच हा अविचार! खडकाचा गाभा वर काढून त्यातील जीवाश्म पाहावेत, मगच निर्णय द्यावा.

मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात १९७४ साली सापडलेल्या बॉम्बे हायचे मुख्य तेल उथळ समुद्रात साचलेल्या मायोसीन चुनखडकात आहे. त्यात चिकणमातीच्या पातळ पट्ट्या आहेत, आणि त्या तेलाची वाट अडवितात. एखादी पट्टी शेजारच्या विवरापर्यंत अखंड आहे की मध्येच संपते, हे त्या समुद्रतळाचे स्वरूप ओळखूनच सांगावे लागते. पुढील विवर कोठे खणावे, ते त्यावर ठरते.